सोनगीरच्या बँडची बिनगाण्याची कॅसेट

“बसीसन?” उखर्डूनं विचारलं.

“हो, बसून,” गिरधर म्हणाला. “सतरंजी टाकलीये. निवांत बसा आणि वाजवा. इथे काय वरात काढायचीये का?”

उखर्डूनं गळ्यातला ढोल पोटाशी धरून आधी सतरंजीकडे पाहिलं, मग जीवराम मास्तरांकडे. “आबा, बसीसन आमी निस्तं जेवतस. वाजाडतस कोठे?”

सोनगीरचा नवरंग ब्रास बँड त्या सकाळी एसटीच्या टपावर वाद्यं बांधून धुळ्याहून जळगावला आला होता, तो कॅसेट काढायला. दिवसच कॅसेटचे होते. भजनी मंडळं कॅसेट काढत, पुढारी कॅसेट काढत, दंतमंजन विकणाऱ्याचीही कॅसेट रिक्षावर वाजे. पण नवरंगच्या कॅसेटीत गाणं नव्हतं. बँडचा गायक लीलाधर दिवाळीतच दुसऱ्या बँडात गेला आणि जाताना माईकही घेऊन गेला. गाणारा नाही तर कॅसेट कसली, असं गावानं मास्तरांना परोपरीनं सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, “बरं झालं. आते मधात कोणी तोंड घालाव नही.”

कारण मास्तरांना गाणी वाजवायची नव्हतीच. त्यांना त्यांची चाल वाजवायची होती.

ही चाल त्यांनी ओठांवर मिसरूड होतं तेव्हा बांधली. सुरुवातीला एकटी क्लॅरिनेट. उजाडायच्या आधी कोणी हलक्या पायानं अंगण ओलांडून जावं तशी. मग दुसरं वाद्य, मग तिसरं, ओहोळाला ओहोळ मिळत जावा तसं. आणि सगळ्यांमागून ढोल आला की ऐकणाऱ्याला उगाच आपलं कोणीतरी लांब राहिलेलं माणूस आठवे. पण ऐकतो कोण? वरात निघाली की मास्तर ती चाल धरत आणि वाद्यं नुकती एकमेकांत मिसळू लागतात न लागतात तोच नवरदेवाचा एखादा मावसभाऊ पुढे येऊन ओरडे, “काय रडगाणं लावलं? नाचायचं वाजवा!” कधी मांडव येई. कधी मुलीचा मामा हात जोडून म्हणे, मुहूर्त टळतोय. एकदा तर घोडाच बिथरला. इतक्या वर्षांत ती चाल एकदाही पुरी वाजली नव्हती.

आणि आता वेळ उरली नव्हती. आखाजीच्या सणानंतर बँडात कॅसिओचा कीबोर्ड येणार होता. मास्तरांच्या जावयानं तो ठरवून टाकला होता. गिऱ्हाईक तेच मागतं म्हणाला. कॅसिओ आला की क्लॅरिनेट पेटीत जाणार. त्याआधी एकदा, निदान एकदा, चाल शेवटापर्यंत वाजावी आणि टेपवर राहावी एवढंच मास्तरांना हवं होतं.

ब्रास बँड म्हटल्यावर दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. गिरधर तयार झाला, कारण त्याचा स्टुडिओ म्हणजे वडलांची केळीची वखार. भिंती हातभर जाड, त्यांवर गोणपाट आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या. केळी असली की वखार, नसली की स्टुडिओ. आज दुपारी रावेरकडून हिरव्या केळीचा ट्रक यायचा होता. त्याच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं म्हणून गिरधरचा एक डोळा मशीनवर होता आणि दुसरा दारावर. त्याचा पाय सारखा हलत होता.

बसून वाजवणं जमलंच नाही. मास्तरांची क्लॅरिनेट कशीबशी सुरू झाली, पण झिपरूची ट्रम्पेट कोकरासारखी बें करून थांबली. उखर्डूची थाप तर प्रत्येक वेळी उशिरा, शेजारच्या घरातून आल्यासारखी.

“पाय उचलाशिवाय मना हात उठत नही,” उखर्डू म्हणाला. “मी काय करू?”

खरंच होतं ते. नवरंगची सगळी तालीम धुळ्याच्या रस्त्यावर चालत व्हायची. पायानं ताल धरायचा, श्वास पावलावर घ्यायचा. बसलेल्या माणसाला पाऊल कुठलं?

“बरं, चाला,” गिरधर म्हणाला. “माईकभोवती गोल चाला.”

बँड गोल फिरू लागला. गिरधरनं हेडफोन लावला. क्लॅरिनेट त्याच्या कानाशी येऊन कुजबुजली आणि निघून गेली. मागून ट्रम्पेट आली, गेली. मग समोरून ट्रक अंगावर यावा तसा ढोल आला. तो जातो न जातो तोच पुन्हा क्लॅरिनेट. थोड्याच वेळात गिरधरनं एका हातानं टेबल धरलं आणि दुसऱ्या हातानं तोंड.

“थांबा, थांबा! मला मळमळतंय.”

मग जागच्या जागी चालायचं ठरलं. टेपवर संगीतापेक्षा बुटांचाच आवाज मोठा आला. बूट काढून दाराशी ठेवले. तुऱ्याच्या टोप्या वरच्या गोणपाटाला घासत होत्या, त्याही काढल्या. लाल कोट, सोनेरी झालर, उघडी डोकी आणि अनवाणी पाय अशा थाटात बँड उभा राहिला. तरी उखर्डूचा हात उठेना.

“आता काय?” गिरधर दाराकडे बघत म्हणाला.

“पुढे कोणीच नही. कोनाकडे दखीसन वाजाडू?”

मास्तरांनी मान हलवली. ढोलवाल्याची नजर कायम वरातीच्या तोंडाकडे असते. घोडा अडला की थाप अडवायची, नाचणारे तापले की थाप तापवायची. समोर भिंत असली तर भिंतीसारखंच वाजणार.

हमालांचा मुकादम तोताराम ट्रकच्या वाटेवर डोळे लावून दाराशी बिडी ओढत बसला होता. गिरधरनं त्याला आत ओढला, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीवर बसवला आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला.

“शेठ, एकदा झालंय माझं,” तोताराम कुरकुरला. “घरी कळलं तर जेवण बंद होईल.”

“गप बस. खाली बघ. नवरदेवासारखा लाज.”

तोताराम लाजला आणि चाल लागली. खरोखर लागली. क्लॅरिनेटनं अंगण ओलांडलं, ट्रम्पेट हळूच येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून चालू लागली, झांज दबक्या पावलानं आली, आणि उखर्डूचा ढोल असा आला की भिंतीवरच्या गाद्यांतली धूळ उडाली. गिरधर दाराकडे बघायचा विसरला. आवाज भरत गेला, भरत गेला, आणि पुढे काहीतरी उजाडणार असं वाटत असतानाच ढोलानं ताडकन नाचाचा ठेका धरला. झिपरू त्याच्यामागे, झांजवाला झिपरूमागे. खोक्यांवरचा तोताराम बसल्या जागी खांदे उडवू लागला.

“उखर्ड्या!” मास्तर ओरडले. “काय करी राह्यना?”

उखर्डूनं दचकून हात थांबवला. “आबा, रोज अठेच तर बदलतस आपन.”

मास्तरांची क्लॅरिनेट खाली आली. रोज तिथेच बदलत होते. मावसभाऊ ओरडायची जागा हीच होती. इतक्या वर्षांत बँड कधी त्याच्या पलीकडे गेलाच नव्हता. आता मावसभाऊ नसला तरी हात आपोआप वळत होते.

“याना पुढे काय शे, आबा?” झिपरूनं विचारलं. “आमले काहीच माहीत नही.”

“पुढे शे,” मास्तर म्हणाले. “मी पुढे जास. तुमी मांगे या.” पण हे बोलताना ते क्लॅरिनेटची पत्ती पुसत होते, आणि ती पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

पुन्हा सुरुवात करायची म्हणून गिरधरनं बटणावर बोट ठेवलं आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

नवरदेव टॉवेल सोडून कामाला पळाला. हिरव्या केळीचे घड आत येऊ लागले. “शेठ, सरका. आबा, तुमचं ते भोंगं उचला.” सतरंजीवर केळी, खुर्चीवर केळी, झिपरू जिथे उभा होता तिथे केळी. केळी पिकवायला कोपऱ्यात मडक्यात धुरी पेटली, आणि बघता बघता वखार धुरानं भरली. लाल कोटातला बँड डोळे चोळत, खोकत रस्त्यावर आला. बूट आणि टोप्या आत, केळीच्या खाली.

“संपलं, मास्तर,” गिरधर नाक पुसत म्हणाला. “पुढच्या महिन्यात बघू.”

“पुढला महिनाले कॅसिओ शे, भाऊ,” मास्तर म्हणाले. एवढंच. मग क्लॅरिनेट कोटाच्या बाहीनं पुसून ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. ते धुराचं असेल. गिरधरच्याही डोळ्यांत होतं. पण गिरधरला ते बघवेना. मघाशी ती चाल जिथे तुटली, तिथपासून त्याच्याही जिवाला चैन नव्हती. पुढे काय, हे कळल्याशिवाय त्याला आता केळी मोजता येणार नव्हती.

“चालता येतं ना तुम्हाला?” तो एकदम म्हणाला. “मग चाला. रस्ता आहे. मशीन आपण पुढे नेऊ.”

भजनी सप्ताहाला न्यायचा बॅटरीचा टेपरेकॉर्डर त्याच्याकडे होता. केळीची लोटगाडी होती. चाकांचा खडखडाट येऊ नये म्हणून त्यानं गाडीवर जाड गादी घातली. वाऱ्याची सूं सूं नको म्हणून माईकवर पांढरी चादर टाकली. माईकचा दांडा उंच, उभा राहीना. तो गादीवर लांब आडवा झोपवला, माईकचं तोंड बँडकडे. चादर वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी बाजूंनी खोचली.

“गाडी तुमच्या पुढे. उखर्डूभाऊ, हाच नवरदेव समजा.”

“हाऊ बरा शे,” उखर्डू म्हणाला. “हाऊ नाचाव नही.”

गिरधर पुढे राहून गाडी ओढू लागला आणि नवरंग ब्रास बँड मागून निघाला. रस्ता पायाखाली येताच बँडाचा जीव भांड्यात पडला. क्लॅरिनेट अशी सुटली की वखारीच्या दारात तोताराम घड खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

पहिल्याच वळणावर पानाच्या टपरीवरून कोणीतरी हाक मारली, “ए गिरधर, कुठे चाललास रे?” टेपवर आवाज जाऊ नये म्हणून गिरधरनं घाईनं तोंडावर बोट ठेवलं आणि मान हलवली. टपरीवाल्यानं त्याचे लाल डोळे पाहिले. गाडीवरची गादी पाहिली, चादरीखालचं ते लांबट काहीतरी पाहिलं, मागचे अनवाणी पाय, उघडी डोकी पाहिली. त्यानं हातातलं पान खाली ठेवलं आणि टपरीतून उतरला.

पुढे दवाखाना लागला. दवाखान्यावरून जाताना बँडानं आवाज उतरवायचा ही जुनी रीत. मास्तरांनी भुवई हलवली आणि सगळी वाद्यं खाली आली. नुसता ढोल, तोही बोटांनी, लांबच्या पावसासारखा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीनं डोक्यावर पदर घेतला. एक सायकलवाला उतरला आणि सायकल हातात धरून मागे चालू लागला. एका किराणा दुकानदारानं शटर अर्धं ओढलं, मग विचार करून पूर्ण ओढलं.

“कोण गेलं?” कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

“गिरधरच्या घरचं दिसतं,” टपरीवाला कुजबुजला. “बोलायच्या स्थितीत नाही बिचारा. नुसती मान हलवली.”

मागे वळून पाहायची गिरधरला सवड नव्हती. तो खड्डे चुकवत होता. इतक्यात त्याच्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला आणि गाडीचा दांडा हळूच काढून घेतला. थोड्या अंतरावर दुसऱ्यानं पहिल्याकडून घेतला, मग तिसऱ्यानं दुसऱ्याकडून. गिरधर सांगायला तोंड उघडणार तोच त्याला टेप चालू असल्याचं आठवलं. त्यानं पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. लोकांना गहिवरून आलं.

मास्तरांनी हे सगळं पाहिलं, पण त्यांना त्याचा अर्थ लावायचा नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की रस्ताभर माणसं आहेत आणि कोणीही ओरडत नाही. कोणी नाचायचं मागत नाही, कोणी हात जोडून मुहूर्त सांगत नाही. माणसं खाली मान घालून चालताहेत आणि ऐकताहेत. आवाज भरत आला. ती जागा आली. मास्तरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं. उखर्डूनं खालचा ओठ दातांत धरला होता, कपाळावरची शीर टरारली होती. पण त्याचा हात वळला नाही.

चाल पलीकडे गेली.

आणि तिथे मास्तरांना कळलं की पलीकडे काही नाही. त्यांनी शेवट कधी बांधलाच नव्हता. गरजच कुठे पडली होती? ज्या घरात कधी पाऊल टाकलं नाही, त्याचा उंबरठा तेवढा त्यांनी रोज झाडून ठेवला होता. आता बँड मागून येत होता, लोक येत होते, आणि थांबायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. मास्तर वाट चुकलेल्या माणसासारखे वाजवत राहिले. तीच ओळ थोडी उंच, मग थोडी खाली, मग कडेकडेनं. मांडव असता तर मांडवापाशी थांबता आलं असतं. पण लोकांच्या हातातली गाडी नाका ओलांडून, बाभळीच्या रांगेतून सरळ निघाली होती, आणि जिथे जायची तिथेच गेली. स्मशानाच्या ओट्यापाशी ती थांबली.

पावलं थांबली. उखर्डूचा ढोल थांबला, झिपरूची ट्रम्पेट थांबली. एकटी क्लॅरिनेट राहिली. सगळी माणसं हात जोडून उभी. मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना वडलांची विहीर दिसली. दिवसभर मोट ओढून झाली की वडील बैलांचं जू सोडत. दोर सैल पडे, आणि वर चाक मात्र आपल्याच नादात आणखी थोडं फिरे, कुरकुरे, आणखी हळू, आणि मग कधी थांबलं ते कळत नसे. मास्तरांनी ते चाक वाजवलं. ते थांबलं तेव्हा बाभळीवरचा पारवाही बोलत नव्हता.

“शेवटचं दर्शन घेऊन टाका,” कोणीतरी म्हणालं आणि चादरीला हात घातला.

“नका, नका!” गिरधर धावला, पण चादर निघाली होती. गादीवर माईकचा दांडा झोपला होता, उशाशी टेपरेकॉर्डर.

लोक पुढे वाकले. मग दुकानदार म्हणाला, “हे काय आहे?”

“कॅसेट,” गिरधर म्हणाला. “कॅसेट काढत होतो.”

“मी दुकान बंद करून आलो!”

“अन् मी रडले ना हो,” पदर घेतलेली बाई म्हणाली. “मले काय माहीत पेटीसाठी रडू राह्यली म्हनून!”

एकच गलका उठला. कोणी गिरधरच्या बापाचं नाव काढलं, कोणी पोलिसांचं. गिरधरचं लक्षच नव्हतं. तो टेपवर वाकला होता. त्यानं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “कॅसेटची बाजू संपलीये. कधीच. नाक्याच्या अलीकडेच संपली असेल. गाडी लोकांच्या हातात होती, मला बघताच आलं नाही.”

“म्हणजे?”

“शेवट नाही आला.”

मास्तर ओट्यावर बसले. गलका आपोआप खाली आला. दुकानदार थोडा वेळ घुटमळला आणि मास्तरांजवळ येऊन बसला.

“जाऊ द्या, मास्तर. आपल्या हातात काय असतं?”

“जितकी आली तितकी आपली म्हणायची,” टपरीवाला म्हणाला.

बाईनं डोळ्यांना पुन्हा पदर लावला. सायकलवाल्यानं मास्तरांसाठी नळावरून पाणी आणलं. जळगावकरांनी ज्या कामासाठी एवढी पायपीट केली होती, ते समजुतीचं काम त्यांनी शेवटी नीट पार पाडलं. मग एकेक जण पाय धुऊन घरी गेला.

एक म्हातारा तेवढा गेला नाही. निंबा नाना. दवाखान्यापासून तो काठी टेकत सगळ्यांच्या मागे आला होता. आता तो मास्तरांसमोर उभा राहिला.

“मास्तर, सुपारी घेता का?”

मास्तरांनी मान वर केली. “घेतो ना. लगीन कोणाचं? नातवाचं?”

“नातवंडाची झाली सगळी. माझी सुपारी घ्या.” नानांनी काठीनं ओट्याकडे दाखवलं. “अठी येन्याची.”

मास्तरांनी जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न जो विचारला, तोच तोंडातून निघून गेला. “तारीख?”

नाना विचारात पडले. “ते मी आता कसं सांगू? पोरगा कळवील तुमाले.” मग काठी आपटून म्हणाले, “पन एक अट हाये. पुरी वाजवायची. आज वाजवली तशी, पार शेवटापर्यंत. मधात कोनी काही दुसरं मांगलं तरी बदलायची नही.”

मास्तरांनी आजवर पुष्कळ अटी ऐकल्या होत्या. अमुक गाणं पाहिजे, तमुक गल्लीत थांबलं पाहिजे, घोड्याजवळ ढोल नको. ही कोणी घातली नव्हती. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, “घाई करू नका हं, नाना.”

“मले कायची घाई? तुमीच टिका म्हंजे झालं.”

उखर्डू ढोलाची दोरी आवळत उभा होता. तो म्हणाला, “आमी टिकसूत, नाना. निस्ता तुमी मधात उठीसन नाचाले लागू नका.”